दोनदा वाजलं तर पुन्हा

दि. ३ मार्च

चि. खारूस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं जाडजूड पाकीट काल मिळालं. पोस्टमनला वाटलं कोर्टाचं आहे, तोंड पाडूनच जिना चढला बिचारा. मी त्याला सांगितलं की बाबा, माझी शाळा आली आहे टपालाने. तर मलाच विचारतो, या वयात? म्हटलं, दात गेल्यावर चणे मिळालेत तर भिजवून खाईन, तुझं काय जातं!

तू मुलांसाठी इंग्रजीचं पुस्तक लिहितेस आणि प्रत्येक धडा आधी माझ्यावर चालवून बघणार, हे मला फार आवडलं. आजीला कळलं तर कुणालाही कळेल, असं लिहिलंस ते मात्र लक्षात ठेवीन हो. चहाटळ मेली.

पहिला धडा वाचला. एखादी वस्तू पहिल्यांदा बोलण्यात आली की तिच्या पुढे ‘अ’, आणि एकदा ओळख झाली की ‘द’. अंडं, सफरचंद असलं काही असेल तर ‘ॲन’. हे तर माणसांसारखंच झालं गं. पहिल्या दिवशी दाराशी कोणी एक बाई येते, दुसऱ्या दिवशी ती ‘ती’ बाई होते, आणि तिसऱ्या दिवशी साखर मागते.

पण खरं सांगू, हे शब्द मला नवे नाहीत. तुझे आजोबा छापखान्यात प्रुफं तपासायचे, हे तुला माहीत आहे. काम जास्त झालं की ते घरी घेऊन यायचे. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचायला दुसरं कोण, मीच. चौथी शिकलेली बाई, अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही. यांनी सव्वीस अक्षरं शिकवली होती, तेवढ्या भांडवलावर एकेक अक्षर म्हणत बावीस वर्षं वाचलं मी. औषधांचं, यंत्रांचं, कायद्याचं. टी, एच, ई हे तिघे भाऊ तर ओळीओळीला भेटायचे. मला त्यांचा इतका कंटाळा की गाळून पुढे पळायची. मग हे समोरच्या खुर्चीतून पेन्सिलीने टेबलावर वाजवायचे. दोनदा वाजलं म्हणजे पुन्हा वाच. एकदा वाजलं म्हणजे बरोबर, पुढे चल. तोंडाने बोलायचे नाहीत, बोललं की नजर हलते म्हणे. ते तिघे भाऊ नक्की काय काम करतात, हे मला यांना जाऊन अकरा वर्षं झाल्यावर तुझ्याकडून कळतंय बघ.

आता तुझं नेहमीचं. तुझे दिवस भरत आलेत, तुला सोबत हवी, मला समजतं. इमारतीवर धोक्याचा कागद चिकटवून गेलेत, तेही खरं. वरचे दोन मजले रिकामे झाले. आता मी आणि खालचा शिंपी, एवढेच उरलोत. पण खारू, हे टेबल आणि या दोन खुर्च्या टाकून मी यायचं कसं? एक माझी, एक यांची. तू आग्रह करू नकोस. गुडघ्याला तेल लावते आहे, बरं आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. धडा लवकर पाठव, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आजी

---

दि. ८ मार्च

ती. आजीस,
खारूचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दाराशी आलेली आणि तिसऱ्या दिवशी साखर मागणारी बाई मी सरळ पुस्तकात घातली आहे. संपादकबाई एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा चहात पडला.

दुसरा धडा सोबत आहे. त्यात एवढंच करायचं की आपल्या खोलीत दिसेल ते रोज पाच वाक्यांत लिहायचं, आणि लिहून झालं की मोठ्याने वाचायचं. वहीचं डावं पान तुझं. उजवं कोरं ठेव, तिथे मी दुरुस्त्या करीन.

डॉक्टरांनी एप्रिलची वीस तारीख दिली आहे. आजी, मी आग्रह करत नाही, फक्त विचारते. टेबलावरच्या छताला जी भेग आहे, तिच्यात आता बोट जातं का? खरं लिही.

प्रकृतीला जप आणि मला धाकात ठेवत राहा.

तुझी,
खारू

---

दि. १३ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ. वि. वि.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे मग मला मोकळेपणाने लिहिता येईल. बोट जातं. करंगळी. शिंप्याला टेबलावर चढवून बघितलं. झालं समाधान?

आता बातमी ऐक, आणि बसून ऐक, पोटावर ताण नको. मंगळवारी दुपारी, चांगलं लख्ख ऊन होतं, मी टेबलाशी बसून वाक्यं लिहिली. एक खुर्ची आहे, ती खुर्ची रिकामी आहे, एक खिडकी आहे, असं इंग्रजीत. वहीवर चुना पडत होता तो पदराने झटकला आणि मोठ्याने वाचायला लागले. सवयीने एकेक अक्षरच म्हणत होते. दुसऱ्या वाक्याला जरा घाई केली. तर समोरून टेबलावर वाजलं. दोनदा.

मी आपली पुन्हा वाचायला लागले! विचारसुद्धा केला नाही. बावीस वर्षांची सवय, हात जसा आपोआप केस सारखे करतो तशी. पुन्हा वाचताना दिसलं की तिघा भावांना मी गाळलं होतं. नीट वाचलं, तर एकदा वाजलं. मग मात्र माझ्या हातातली वही खाली पडली. समोर खुर्ची, खुर्चीवर ऊन, आणि उन्हात चुन्याचे कण. बाकी काही नाही.

भ्याले असं तुला वाटेल. अगं, मला हसू आवरेना. अकरा वर्षांनी आले आणि आल्याआल्या माझी चूक काढली! मेल्यावरसुद्धा खोड जात नाही माणसाची. आता रोज दुपारी वाचते. काल मुद्दाम तीन चुका केल्या, तिन्ही पकडल्या.

शिंप्याला सांगितलं तर तो सुई तोंडात धरून नुसता बघत राहिला. त्याची मांजर मंगळवारपासून माझ्या दारापर्यंत येते आणि उंबऱ्यावरूनच परत जाते, दूध ठेवलं तरी.

जावईबापूंना सांगू नकोस, ते मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतील. लोभ आहेच, तो दुप्पट कर.

तुझी,
आजी

---

दि. १८ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आजी, जुन्या लाकडात किडे असतात, ते टकटक करतात. भिंतीतले नळ वाजतात. आणि ओझं पेलत नसलेलं छतही आधी आवाज करतं, हे मला जास्त भिववतं. वाजतं तेव्हा पुन्हा वाचतेस, चूक सापडते, कारण चूक असतेच. रागावू नकोस.

वहीचं ते पान जसंच्या तसं मला पाठव. तुझं अक्षर बघायचं आहे, हात थरथरतो का ते.

आणि टेबल निदान भिंतीकडे सरकव. तुझ्या काळजीतली,

खारू

---

दि. २३ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ. वि. वि.

किडे म्हणे! किड्यांना इंग्रजी कधीपासून यायला लागलं? तुझी अक्कल पुस्तकात गेली सगळी.

दोन्ही पानं फाडून पाठवते आहे, नीट बघ. डावीकडे माझं लिहिणं आहे. उजवं पान तुझ्यासाठी कोरं ठेवलं होतं. शनिवारी मी दूध आणायला खाली गेले, शिंप्याशी पाच मिनिटं बोलले (त्याची बायको माहेरी जाऊन बसली आहे, ते वेगळंच रामायण, पुढच्या पत्रात), परत आले तर उजवं पान भरलेलं. खुणा, रेघा, वळसे. जिथे ‘अ’ हवा तिथे मी ‘द’ लिहिला, तिथे बरोबर काट. मला वाटलं दाराला कुलूप लावायला विसरले. पण कुलूप मीच उघडून आत आले होते.

आणि रंग बघ. निळी पेन्सिल. घरात निळी पेन्सिल नाही गं. होती ती एकच, अर्ध्या बोटाएवढी राहिलेली, आणि ती यांना शेवटचं नेलं तेव्हा मीच यांच्या खिशात ठेवली होती. तू माझ्या शेजारी उभी होतीस.

मी खूश आहे, एवढं समज. संध्याकाळ कधी झाली कळत नाही. टेबल सरकवलं नाही. सरकवलं तर यांना पेन्सिल कुठे आपटायची ते कळायचं नाही.

तुझी हट्टी,
आजी

---

दि. २७ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पानं मिळाली. माझ्याकडे आजोबांनी तपासलेला एक जुना कागद आहे, औषधांच्या पुस्तकाचा. तो शेजारी ठेवून बघितला. गाळायच्या शब्दावर शेवटी शेपटीसारखा उजवीकडे वळणारा तोच वळसा. ओळींना आकडे घातलेत, त्यातल्या सातच्या पोटातून तीच आडवी रेघ. आजी, तुला सात असा काढता येत नाही. तू तो नेहमी कुबड्यासारखा काढतेस.

मी दिवसभर स्वयंपाकघरात बसून राहिले. ह्यांना माझी पाठ दुखते म्हणून सांगितलं.

तू माझं ऐकत नाहीस. त्यांचं ऐकलं असतंस. मग त्यांनाच विचार. मी घर सोडून जाणार नाही, असं एक वाक्य इंग्रजीत लिही आणि त्यांना वाचून दाखव. एकदा वाजलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, शपथ. दोनदा वाजलं तर ह्यांना लगेच गाडीत बसवते.

मला भीती वाटते आहे, पण त्यांची नाही. त्या भेगेची. आता दोन बोटं जात असतील ना?

तुझीच,
खारू

---

दि. १ एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

आज लांबण लावत नाही. मन ठिकाणावर नाही.

तुझी पैज मी हसत हसत घेतली. आय ॲम नॉट गोइंग, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. वाचलं. दोनदा वाजलं. मला वाटलं एखादं अक्षर गाळलं. पुन्हा वाचलं. दोनदा. पुन्हा. दोनदा. सात वेळा वाचलं मी, खारू, आणि सातव्या वेळी इतकं जोरात वाजलं की पाण्याचा पेला हलला. मला रडू कोसळलं. ओरडले मी यांच्यावर. बावीस वर्षं माझ्याकडून वाचून घेतलंत, अकरा वर्षं तोंड दाखवलं नाहीत, आणि आता चार दिवस बरे चाललेत तर मला घराबाहेर काढता?

मग रागारागाने ‘नॉट’ गाळून वाचलं. एकदाच वाजलं. अगदी हळू.

पाणी प्यायला उठले आणि परत आले तो पानावर ‘नॉट’च्या डोक्यावर निळा वळसा. खाली तारीख आणि वेळ. पान तपासून झालं की यांची ती पद्धतच होती. पण तारीख लिहिली आहे ९ एप्रिल, दुपारचे चार दहा. आज तर एक तारीख! यांची तारीख जन्मात चुकली नाही. म्हातारपण यांनाही आलं म्हणायचं.

जावईबापूंना पाठव. यांनीच जा म्हटल्यावर मी कोण? शिंप्याला मी ती तारीख दाखवून ठेवली आहे. तो हसला, पण कॅलेंडरवर खडूने खूण केली त्याने.

एकच विचारते. मी आले की हे इथे कुणाचं ऐकत बसतील?

आजी

---

दि. ११ एप्रिल
दवाखान्यातून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू मंगळवारी माझ्या घरात पाऊल टाकलंस आणि बुधवारी मला इथे आणून झोपवलं, याला काय म्हणावं! पायांना सूज आहे, रक्तदाब चढतो, म्हणून बाळ होईपर्यंत इथेच राहायचं आहे. घाबरू नकोस. ह्यांच्या हाती पत्र देत जा, डब्याबरोबर येईल.

तुला एक गोष्ट ह्यांनी सांगितली नसेल, मीच नको म्हटलं होतं. पण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही. गुरुवारी, नऊ तारखेला, तुझ्या खोलीचं छत खाली आलं. सगळं. टेबल आणि दोन्ही खुर्च्या त्याखाली गेल्या. शिंप्याचा फोन आला होता. तो चारच्या आधी मांजरीला पिशवीत घालून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला होता. लोक वेड्यात काढत होते. तो म्हणतो, चार वाजून दहा मिनिटं झाली होती, त्याने तीनदा घड्याळ बघितलं.

आजी, तू त्याच वेळी रोज वाचायला बसायचीस ना?

आता इथे वाचू नकोस, असं लिहिणार होते. लिहीत नाही. तू काय ते ठरव.

तुझी,
खारू

---

दि. १३ एप्रिल

चि. खारूस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. रडले नाही. माझी खुर्ची चिरडली त्याचं काही नाही, यांचीही चिरडली, त्याचं वाटलं.

तुला न सांगता पाच दिवस मी इथे वाचत होते. तुझ्या लिहायच्या टेबलावर बसून, रोज दुपारी. काही वाजायचं नाही. चुका केल्या, तिघा भावांना ओळीओळीने गाळलं, तरी नाही. यांना तिथेच टाकून आले असं मनाने घेतलं होतं. जेवण उतरेना. जावईबापूंना वाटलं त्यांच्या हातच्या सुपाचा दोष. तेही आहेच थोडं, मीठ पाण्यासारखं ओततात.

तुझं पत्र वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या टेबलाला खुर्ची एकच! माणसाने बसायचं कुठे? स्वयंपाकघरातलं स्टूल आणून समोर ठेवलं, पुसलं, आणि वाचायला बसले. काल लिहिलेलं वाक्य होतं, अ बेबी इज कमिंग.

दोनदा वाजलं.

खारू, मी टेबलाला डोकं टेकून हसले आणि रडले. मग पुन्हा वाचलं. पुन्हा दोनदा. चूक काही सापडेना. बाळाचा उल्लेख पहिल्यांदाच होतोय, तुझ्या नियमाने ‘अ’च हवा. चष्मा पुसून वहीकडे बघितलं तर ‘अ’वर निळी काट आणि तिच्या डोक्यावर टी, एच, ई. तिघे भाऊ. आता तुझा धडा चुकला की यांची आणि बाळाची आधीच कुठे गाठ पडली आहे, ते मला विचारू नकोस. मी चौथी शिकलेली.

आणि पानाखाली तारीख आहे. लिहू की नको असं दहा वेळा झालं. पण तू लपवलं नाहीस, मीही लपवत नाही. १५ एप्रिल, सकाळचे अकरा वीस.

मागच्या तारखेला काय झालं ते मीही विसरलेले नाही. पण या खेपेला तारखेपुढे एक गोल बरोबरची खूण आहे. मागच्या पानावर ती नव्हती. ती खूण हे फक्त पान छापायला सोडताना करायचे. मी त्या खुणेला धरून बसले आहे. तू डॉक्टरांना सांग की बुधवारी सकाळी कुणी तुझ्याजवळून हलू नये. कारण विचारलं तर म्हातारी हट्टी आहे म्हणावं.

जप. माझा जीव तुझ्या उशाशी ठेवला आहे.

तुझी,
आजी

---

दि. १७ एप्रिल

ती. आजीस,
तुझ्या खारूचा, आणि आता आणखी एकीचा, शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी तुला मुलगी झाली एवढंच सांगितलं असेल. बाकीचं त्यांना ठाऊक नाही, ते दाराबाहेर होते.

तुझा निरोप मी डॉक्टरीणबाईंना सांगितला होता. त्या हसल्या, पण बुधवारी सकाळी राउंड संपल्यावर मुद्दाम डोकावल्या. आणि तेवढ्यात बाळाचे ठोके मंदावले. दहा मिनिटांत मला टेबलावर घेतलं. कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळे मी जागी होते. बाळ बाहेर काढलं तेव्हा समोरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. ते रडलं नाही.

आजी, तिला कोपऱ्यातल्या टेबलावर घेऊन गेले. नर्स तिच्या पाठीवर चोळत होती, डॉक्टरीणबाई वाकून काहीतरी करत होत्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांचे हात थांबले. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मला समजलं.

तेव्हा वाजलं. लोखंडी टेबलाच्या कडेवर. दोनदा.

डॉक्टरीणबाईंना वाटलं नर्सने वाजवलं, नर्सला वाटलं बाईंनी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मी तिथून ओरडले की पुन्हा, पुन्हा करा, ते पुन्हा करा म्हणतात. कोण म्हणतं, ते कुणी विचारलं नाही. बाईंनी पुन्हा हात लावले. आणि ती रडली, आजी. अशी रडली की तुझ्या पोस्टमनला जिन्यात ऐकू गेलं असतं.

मग एकदाच वाजलं. अगदी हळू.

दोघी ठीक आहोत. चार दिवसांनी घरी येऊ. तिची मूठ उघडली तेव्हा तळव्याला काहीतरी निळसर लागलं होतं. नर्स म्हणाली, अशा बाळांचे हात सुरुवातीला निळे असतातच. मग तिने ओल्या कापसाने पुसलं, आणि ते कापसावर आलं. तिने कापूस टाकून दिला.

तुझं ते वाक्य मी पुस्तकात घेणार नाही, मुलांचा गोंधळ होईल. वहीत मात्र तसंच राहू दे.

आम्ही येईपर्यंत ते स्टूल तिथून हलवू नकोस.

तुझी,
खारू